दोघांनी पाहिलेला पक्षी

तो पक्षी मी खरंच पाहिला की नाही, हे आता मला सांगता येत नाही. हे वाक्य लिहितानाही माझा मलाच संताप येतो. सारी नोकरी पोरांच्या मागे लागण्यात गेली, नीट पाहा, मग बोला, अंदाजपंचे सांगू नका. आणि आता माझीच ही गत. कोणी त्या पक्ष्याचं विचारलं की मी गप्प बसते, नाहीतर चहा टाकायला उठते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. अचलपूर तालुक्यातल्या एका शाळेत सर आणि मी बरोबर होतो. सर म्हणजे माझे सहकारी. मी त्यांना सर म्हणायची, ते मला बाई, आणि नोकरी सुटली तरी हे काही सुटलं नाही. निवृत्तीनंतर दोघंही अमरावतीत एकाच कॉलनीत राहायला आलो, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. पक्ष्यांचा नाद आधी सरांना. त्यांनी तो मला लावला, आणि "मग बाईंचा माझ्यापेक्षा वाढला," असं ते सगळ्यांना सांगत. माझ्या नवऱ्याला पक्षी म्हटलं की कोंबडी आठवते आणि सरांच्या बायकोला सकाळी उठायचा कंटाळा, म्हणून आम्ही दोघंच निघायचो. सरांच्या स्कूटरवर मागे मी, गळ्यात दुर्बीण, मांडीवर डबा. पहिल्या वर्षी कॉलनीत कुजबुज झाली. मी एका बाईला भर रस्त्यात गाठलं आणि म्हटलं, "काय म्हननं हाय तुमचं? तोंडावर सांगा." त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

आमचा तलाव अकोल्याच्या रस्त्याला, एका फाट्यावरून आत. तिथं नाव घेण्यासारखं काही नाही. बेशरमाची झुडपं, गाळ, मासे धरणाऱ्या भोयांची जाळी, उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की टरबूज-डांगराच्या वाड्या. पक्षी पाहणारी शहाणी माणसं मेळघाटात सेमाडोहला जातात. तिथं जंगल आहे, रानपिंगळा आहे, राहायला बरी जागा आहे. आमच्या तलावाकडे कुत्रंही फिरकत नसे, आणि खरं सांगते, म्हणूनच तो आम्हाला आवडायचा.

नोंद ठेवायची आमची तऱ्हा मास्तरांचीच. दुकानातून एक कोरा हजेरीपट आणला होता. पोरांच्या नावांच्या जागी पक्ष्यांची नावं, वर तारखा. पक्षी दोघांनीही पाहिला तर त्याच्यापुढे 'ह', म्हणजे हजर. एकानंच पाहिला तर नुसतं टिंब. मग कोणी कितीही शपथा घ्या, टिंबाचा 'ह' होत नसे. एकदा मला एकटीला दूधराज दिसला, पांढराशुभ्र, लांब शेपटीचा, आणि सर नेमके तेव्हा झुडपामागे गेले होते. टिंब! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या उन्हाळ्यात सरांच्या घरी त्यांच्या डोळ्यांवरून कटकट चालली होती. साखरेनं डोळ्याचा पडदा खराब केलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. डोळ्यात इंजेक्शनं देऊन झाली. सर म्हणायचे, फरक आहे, आता मस्त दिसते. त्यांच्या मुलाचा विश्वास नव्हता. मुलगा तहसीलात नोकरीला आहे, चौथी माझ्याच हाताखाली शिकला. त्यानं माझ्यासमोरच सांगितलं, "बाई, ज्या दिवशी मले समजलं का बाबाले दिसत नाई, त्या दिवशी स्कूटरची चावी माह्याजवळ. तलाव बंद." सर तेव्हा हसले. पण मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "तलाव बंद झाला तं मी दिवसभर काय पंखा पाहत पडू, बाई?"

मला वाटलं, हा माणूस उगाच घाबरून राहिला. स्कूटर तर नीट चालवतो. मी मागे बसून "खड्डा, सर", "म्हैस, सर" असं करत असायची, पण ते तर मी आधीपासूनच करायची. बहुतेक.

मे संपत आला होता. कोकणात वादळ आल्याच्या बातम्या होत्या. आमच्याकडे पावसाचं नाव नाही, नुसती उलटसुलट हवा, धूळ आणि मळकं आभाळ. आम्ही डोक्याला दुपट्टे गुंडाळून तलावाच्या पाळीवर बसलो होतो. पाण्यात शिरलेल्या गाळाच्या पट्ट्यावर नेहमीच्या टिटव्या होत्या. टिटवी ओळखायला दुर्बीण लागत नाही, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. त्यांच्यापासून थोडा अलग एक पक्षी उभा होता. वरून काळा, पोट पांढरं, आणि चोच! गाजरासारखी लाल, लांब, सरळ. पुस्तकातलं पानच डोळ्यापुढे आलं. कालवफोड्या. समुद्रकाठच्या खडकांवर कालवं फोडून खाणारा पक्षी. बापा, वऱ्हाडात कालवं कुठली? तो रत्नागिरीला दिसावा, मुंबईच्या खाडीवर दिसावा. वादळानं फेकला असेल, वाट चुकला असेल, देव जाणे.

"सर," मी दबक्या आवाजात म्हटलं, "टिटव्यांच्या उजव्या बाजूले. पाहा, पाहा लवकर."

सरांनी दुर्बीण लावली. बराच वेळ पाहिलं.

"दिसला का?"

"हाव बाई, दिसला."

"चोच पाह्यली?"

"लाल हाय ना."

"कालवफोड्या हाय, सर! समुद्रावरचा!"

"तोच," सर म्हणाले.

मी दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढायला गेले. तेवढ्यात एका भोयानं मासे धरायला पाण्यात हवा भरलेली ट्यूब टाकली आणि सगळे पक्षी उडाले. फोटोत मळकं आभाळ आलं आणि माझं बोट आलं. पक्षी कुठे गेला तेही मी पाहिलं नाही, मी मोबाइलमध्येच डोकं घालून बसले होते. याचाही मला अजून राग आहे. मग हजेरीपटात सर्वांत खाली नवीन नाव लिहिलं आणि 'ह' लिहायला पेन सरांपुढे केलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार सरच लिहीत, असं त्यांचं अक्षर. "तुमीच लिहा," ते म्हणाले, "तुमी पह्यले पाह्यला." मला त्यात त्यांचा मोठेपणा दिसला.

घरी येऊन मी ग्रुपवर टाकलं. पक्षी पाहणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, सरांचा मुलगाही त्यात आहे. दहा मिनिटांत एकानं लिहिलं, टिटवी असेल, मॅडमला ऊन लागलं असेल, आणि पुढे हसऱ्या तोंडांची रांग. दुसऱ्या दिवशी तोफेएवढे कॅमेरे घेऊन तिघं तलावावर आले. पक्षी नव्हता. मी गृहपाठ न करता आले आहे, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग अकोल्याहून फोन आला. तिथली एक मुलगी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी तीच ठेवते.

"काकू," ती म्हणाली. एवढी मोठी बातमी दिली आणि मी काकू! "काकू, फोटो नाही, तर मला तुमचं दोघांचं वेगवेगळं ऐकावं लागेल. मी शनिवारी येते. चित्रं आणीन, नावं झाकलेली. तुम्ही एकेकट्यानं दाखवायचं, कोणता होता. तोवर दोघांनी त्या पक्ष्याबद्दल आपसात बोलायचं नाही, प्लीज. दोघांचं जुळलं तर आपल्याकडची ही पहिलीच नोंद होईल."

मनातून मी फुलून गेले. सरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांचा मुलगा म्हणाला, "येऊ द्या ना त्या अकोल्याच्या मॅडमले. आपल्याच घरी बसवू. बाबाची परीक्षाही होऊन जाईन." बोलला हसून, पण पाहत होता बापाकडे. सरांनी "हाव, येऊ द्या" म्हणत चहाचा कप उचलायला हात पुढे केला, आणि तो कपाच्या बाजूला बशीवर पडला. मग बोटं सरकत सरकत कपाच्या कानापर्यंत गेली. मी ते पाहिलं. मुलानंही पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तलावावर मी एक नीच काम केलं. दुसरा शब्द नाही त्याला. समोरच्या बेशरमात युरियाची पांढरी पिशवी अडकली होती, वाऱ्यानं फुगलेली. मी म्हटलं, "सर, बगळा पाह्यला का मोठा?"

"हाव," सर म्हणाले. "बसला हाय मस्त."

डब्यातला चिवडा मी तसाच परत आणला. स्कूटरवर मागे बसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं, मी किती वेळा "खड्डा, सर" म्हणते ते. मोजता मोजता सोडून दिलं.

तेव्हापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला. सरांना दिसत नाही, हे तर कळलं. पण मग ते "लाल" कसं म्हणाले? चोच लाल आहे असं मी तर सांगितलं नव्हतं. का सांगितलं होतं? टिटवीलाही लाल असतंच, चोचीला आणि डोळ्यापुढे. त्यांना टिटवीचा लाल ठिपका दिसला असेल? का नुसतं माझ्या आवाजावरून ठोकून दिलं? आणि सगळे म्हणतात तसं, मलाच तर टिटवी दिसली नसेल? ऊन होतं, धूळ होती, माझ्या चष्म्याचा नंबरही दोन वर्षांत तपासलेला नाही. मी पुस्तक काढून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी पाहिली. टिटवीची पाठ मातकट, पाय पिवळे. कालवफोड्याची पाठ काळी, पाय लालसर. मी पाठ पाहिली होती, काळी. पाय पाहिले होते का? पाहिले होते. गाळात होते, पण पाहिले होते. हजेरीपट उघडला तर मागच्या दोन उन्हाळ्यांचे 'ह'च 'ह'. त्यातले सरांचे किती खरे, कोण सांगणार? मी तो मिटून कपाटात टाकला.

आणि सरांशी बोलायची सोय नव्हती. बोलायचं नाही, असं त्या मुलीनं बजावलं होतं, आणि आम्ही दोघं पडलो मास्तर. परीक्षेआधी आपसात पेपर फोडायचा नाही, हे आम्ही जन्मभर पोरांना दरडावलेलं. रोज सकाळी स्कूटरवरून जात होतो, येत होतो, भाजीचे भाव बोलत होतो, त्याच्या नव्या सुनेची गोष्ट, ह्याच्या गुडघ्याची गोष्ट, सगळं. त्या पक्ष्याबद्दल एक अक्षर नाही.

शनिवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. चित्रं पुढे ठेवली की सर चुकणार. चुकले की मुलाच्या हातात चावी. नुसतं सरांचं नाव काढून टाका म्हणावं, तर मुलगा ग्रुपवर आहे, का काढलं म्हणून तो विचारणारच. माझ्या पक्ष्यापायी सरांचा तलाव जाणार, हे मला उघड दिसत होतं. एकच वाट होती. पक्षीच नव्हता, तर परीक्षा कशाची?

शुक्रवारी दुपारी मी अकोल्याला फोन लावला. म्हटलं, "तुझी खेप वाचली बघ. टिटवीच होती ती. उन्हात चुकलं माझं."

"काकू, नक्की?" मुलीचा आवाज पडला. "तुम्ही तर चोच लांब म्हणाला होतात."

"लांब नव्हती. पाठ मातकट होती, पाय पिवळे, डोळ्यापुढे लाल. मानेवरून पांढरा पट्टा खाली आलेला. सगळं आठवलं मला."

आणि काय सांगू, मी इतकं बारकाईनं सांगितलं की सांगताना ती टिटवी माझ्यापुढे उभी राहिली. गाळाच्या पट्ट्यावर, बाकीच्यांपासून थोडी अलग. मुलगी म्हणाली, "ठीक आहे काकू, होतं असं," आणि फोन ठेवला. मी ग्रुपवर दोन ओळींत माफी मागितली. तिथं पुन्हा हसरी तोंडं आली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, खूप वाईट वाटलं. सापडला असता असा पक्षी मला पुन्हा कधी? पण सर सुटले, म्हणून जीव भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी मी जरा ऐटीतच सरांच्या घरी गेले. सर पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते. स्कूटरवर खोळ घातलेली.

"काहून केलं असं, बाई?" त्यांनी विचारलं.

"काय केलं मी?"

"आता मी फोन केला व्हता त्या पोरीले, सकाळीच. म्हटलं, मॅडम, मले तो पक्षी दिसलाच नाई. बाईनं दिसला का म्हटलं, म्या हाव म्हटलं. माहं नाव काढून टाका, पण बाईचं राहू द्या, बाईची नजर पक्की हाय. तं ते म्हनते, काकूंनी तर कालच सांगितलं, टिटवी होती म्हणून. ग्रुपवरचं तं पोरानंही पाह्यलं नव्हतं."

मुलगा चहा घेऊन बाहेर आला. एक कप माझ्या हातात दिला, दुसरा बापाच्या हातात देऊन त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती मिटवली. त्याचे डोळे लाल झालेले होते. तो लगेच आत गेला.

"त्याले मीच सांगतलं," सर म्हणाले. "चावीही मीच देल्ली."

"पण सर, तुमचा तलाव..."

"माहा तलाव तं जानारच व्हता. आज नाई तं दिवाळीले. म्या चुकीचं चित्र उचललं असतं तं ते पोरगी म्हनली असती, दोघंही चुकले. म्हटलं, एकाचं तरी राहू द्या. तुमचा पक्षी तरी राह्यला असता."

माझं डोकं फिरलं. "मंग मले आधी सांगाले काय झालं व्हतं? रोज मांगं बसून येत व्हती ना मी?"

"बोलू नका म्हनली व्हती ना ते," सर म्हणाले. "तुमीही तं नाई बोलल्या."

मी तिथूनच अकोल्याला फोन लावला. म्हटलं, काल मी खोटं बोलले, तो कालवफोड्याच होता. का खोटं बोलले तेही सांगितलं, अडखळत. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग फार मऊ आवाजात म्हणाली, "काकू, काल तुम्ही पायाच्या रंगासकट टिटवी सांगितलीत. आता मी काय लिहू, तुम्हीच सांगा. राहू द्या ना." तिचं बरोबरच होतं. माझ्या वर्गातल्या पोरानं असं केलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. आणि ती हे असं प्रेमानं म्हणाली, त्याचं जास्त लागलं.

सर ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर म्हणाले, "जाऊ द्या त्या नोंदीले. मले सांगा, कसा व्हता तो? तुमी पाह्यला, म्या कोठी पाह्यला? मले आता तुमच्याकडूनच पाहा लागते. पह्यल्यापासून सांगा."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, पण नजर माझ्या कानाजवळून मागे भिंतीवर जात होती. मी सुरुवात केली. गाळाचा पट्टा होता, टिटव्या होत्या, त्यांच्यापासून थोडा अलग... आणि पुढे मला दिसेना. डोळे मिटले तर मातकट पाठ. पुन्हा मिटले तर डोळ्यापुढे लाल, मानेवरून खाली आलेला पांढरा पट्टा. काल फोनवर मी जी उभी केली तीच टिटवी, जागची हलायला तयार नाही. काळी पाठ, लांब चोच हे शब्द मला पाठ होते, पण ते पुस्तकातले की तलावावरचे, कळेना. मला रडू फुटलं. म्हटलं, "सर, मले आठवून नाई राह्यलं."

सर रागावले नाहीत. कप खाली ठेवायला जागा चाचपली, ठेवला, आणि थोडे पुढे वाकले.

"पाय तरी?" त्यांनी विचारलं. "पाय कसे व्हते, बाई?"

"लाल," मी म्हणाले. खरं बोलले की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही.